पाणी घालण्याआधी माती चाचपा



मिरग निघाला, पेरणीची घाई सुरू झाली. अशा दिवसांत कुंडीतल्या झाडांवर बोलायला बसलो म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, या बायांना दुसरं काही काम नाही का? पण घरात आणि ओसरीत ठेवलेल्या कुंड्या सगळ्यात जास्त मरतात त्या याच दोन-तीन महिन्यांत. उन्हानं नाही मरत, पाण्यानं मरतात. आमच्या गटाच्या ३१ कुंड्या अशाच गेल्या. गटाच्या कर्जातून घेतलेल्या होत्या, म्हणून जास्त लागलं. ते कसं झालं हे आधी सांगतो, मग पाणी कसं घालायचं ते बोलू.

आमच्या गटात ११ जणी. दोन वर्षांपूर्वी ठरवलं, दिवाळीच्या बाजारात तालुक्याच्या गावी शोभेच्या कुंड्या विकायच्या. हल्ली दुकानात, दवाखान्यात, नव्या घरांत ती उभ्या लांब पानांची, कडेला पिवळी पट्टी असलेली झाडं ठेवतात ना, स्नेक प्लांट म्हणतात, ती निवडली. कारण नर्सरीवाले दादा म्हणाले, "ताई, या झाडाला काही करावं लागत नाही." ६० रोपं ३० रुपयांनी, कुंड्या २० रुपयांनी, वर माती-खत ५०० रुपयांचं. एकूण ३५०० रुपये अंतर्गत कर्ज काढलं. व्याज महिन्याला २ रुपये शेकडा. म्हणजे फार मोठी रक्कम नाही, पण त्यातल्या तिघी-चौघींनी पहिल्यांदाच धंद्याला हात घातला होता.

५० कुंड्या समाजमंदिराच्या ओसरीत ठेवल्या. १० तिथं मावेनात, त्या आमच्यातल्या एका मावशींच्या पडवीत ठेवल्या. आणि मग आम्ही समन्वयक म्हणून जे करतो ते केलं. वही केली. रोज एकीची पाळी, पाणी घातलं की सही, पाळी चुकली की १० रुपये दंड. बैठकीला यायला उशीर झाला की दंड असतोच आपल्याकडे, त्याच शिस्तीत हेही बसवलं. वही इतकी नेटकी चालली की वरून भेटीला आलेल्या मॅडमनी तिचं कौतुक केलं.

श्रावणात पानं लवायला लागली. एक-दोन पिवळी पडली. सगळ्या म्हणाल्या, पाणी कमी पडतंय. वही उघडली तर दहा जणींच्या सह्या पूर्ण, आणि मावशींच्या नावापुढे तीनदा फुली. तीस रुपये दंड तर लागलेलाच होता, वर बैठकीत बोलणीही बसली. "तुमच्यामुळं झाडं सुकली." मावशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत.

त्यानंतर दुसऱ्या आठवड्यात कुंड्या झाडून पुसायला घेतल्या तेव्हा एक पान धरलं तर ते हातात आलं. उपटावं लागलं नाही, नुसतं सुटून आलं. बुडाशी काळं, बुळबुळीत, आणि वास असा की तुंबलेली मोरी उघडावी. एक कुंडी पालथी करून ठोकली तर माती लगद्यासारखी बाहेर पडली. त्या ५० पैकी ३१ गेल्या.

मावशींकडच्या १० कुंड्या आणायला गेलो तर तिथं पानं ताठ उभी. विचारलं, पाणी किती वेळा घातलं? म्हणाल्या, "दोनदा. माती ओलीच हाय तर कशाला घालू? तिकडं माझ्या पाळीलाबी वलीच व्हती, म्हणून नाही घातलं."

तर मैत्रिणींनो, चूक वहीची होती. आम्ही केलेल्या वहीची. झाडाला तहान लागली का, हे त्या वहीत कुठं विचारलंच नव्हतं. दंड नको म्हणून प्रत्येक बाई आपल्या पाळीला तांब्या ओतून जायची.

आता हे झाड पाण्यानं का मरतं ते पाहू. मुळं नुसती पाणी पीत नाहीत, श्वासही घेतात. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते. पाणी घातलं की ती जागा पाण्यानं भरते, मग पाणी निथळतं, आणि हवा परत आत शिरते. तोवर ठीक. पण रोज पाणी पडलं तर हवेला परत यायला वेळच मिळत नाही. मुळं गुदमरतात, कुजायला लागतात, बुरशी धरते. आणि मूळच कुजलं म्हटल्यावर पाणी वर चढवणार कोण? म्हणून भोवती पाणीच पाणी असताना पान लवतं. आपल्याला वाटतं तहानलंय. आपण आणखी ओततो. हीच सगळ्यात मोठी गफलत, आणि चांगल्या शेतकरणीही यात फसतात, कारण शेतात पीक लवलं की पाणी द्यायचं हेच आपण लहानपणापासून बघतो.

त्यात ही जी कमी कष्टाची झाडं म्हणतात, त्यांची घडणच कोरड्या दिवसांसाठी झालेली आहे. स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. त्याच्या जाड पानांत आणि मातीखालच्या गड्ड्यात पाण्याचा साठा असतो. चकचकीत पानांचं झेडझेड म्हणून मिळतं, ते पूर्व आफ्रिकेकडचं. त्याची कुंडी रिकामी करून बघा, खाली बटाट्यासारखे गड्डे दिसतील. ती त्याची टाकी. कोरफड तर आपल्या घराघरांत आहे, पान मोडलं की गर दिसतोच. जेडच्या छोट्या गुबगुबीत पानांतही तेच.

आणखी एक गंमत. बहुतेक झाडं दिवसा पानांची बारीक छिद्रं उघडतात आणि त्यातून पाण्याची वाफ जाते. कोरफड, स्नेक प्लांट ही झाडं ती छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री गार झाल्यावर उघडतात. त्यामुळं त्यांचं पाणी फार कमी उडतं. दुकानदार यावरूनच "रात्री ऑक्सिजन देणारं झाड" म्हणून विकतात. एका कुंडीनं घरातली हवा बदलेल असं काही नाही, आम्ही तसं सांगून विकत नाही. पण रात्री श्वास घेणाऱ्या झाडाला पाणी कमी लागतं, हे मात्र पक्कं धरा.

म्हणून पहिला प्रश्न "किती दिवसांनी घालू?" हा विचारूच नका. आम्हालाही लोक बाजारात हेच विचारतात. उत्तर एक नाही. उन्हाळ्यात ओसरीतली कुंडी आठ-दहा दिवसांत वाळेल, तीच कुंडी पावसाळ्यात घरात ठेवली तर तीन आठवडे ओली राहील, थंडीत महिनाभरही चालेल. अंधाऱ्या खोलीतल्या झाडाची वाढ हळू, मग पाणीही कमी लागतं. प्लास्टिकच्या कुंडीत ओल टिकते. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपतं आणि उडतं, माठासारखंच, म्हणून ती लवकर वाळते. तारखेवर जाऊ नका, मातीवर जा.

माती बघायची कशी? वरून नाही. वरचा थर दोन दिवसांत वाळतो, खाली चिखल असतो. बोट दोन पेरांपर्यंत आत घाला. ओलं, गार लागलं तर हात मागे घ्या. मनीप्लांटला एवढी परीक्षा पुरते, दोन पेरं कोरडी झाली की पाणी द्या. पण स्नेक प्लांट, झेडझेड, कोरफड यांची कुंडी जवळजवळ तळापर्यंत वाळू द्यायची. तिथं बोट पुरत नाही. खराट्याचा एक हीर घ्या, कडेकडेनं तळापर्यंत खोचा, दोन मिनिटं ठेवा आणि काढा. अळुवडीचा उंडा शिजला का ते आपण सुरी घालून बघतो ना, तसंच. हिराला ओली माती चिकटली तर अजून वेळ आहे. कोरडा आला तर पाणी द्या.

आणि तिसरी परीक्षा आमच्या आवडीची, कुंडी उचलून बघणं. पाणी घातल्याबरोबर एकदा उचला, वजन हाताला लक्षात ठेवा. गॅसची टाकी संपत आली का हे आपण हलवून सांगतो, मग कुंडी काय अवघड? मावशी हेच करत होत्या. त्यांनी ते कुणाकडून शिकलेलं नव्हतं.

पाणी देण्याची वेळ आली की मात्र कंजुषी करू नका. पुष्कळ जणी घाबरून रोज दोन-दोन घोट घालतात. त्यानं वरची माती ओली, खालची मुळं कोरडी, दोन्हीकडून नुकसान. द्यायचं तेव्हा हळूहळू, मातीवर सगळीकडून, खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या. मग निथळू द्या, आणि अर्ध्या तासानं खालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका. ताटलीत पाणी राहिलं तर मुळं परत बुडतात. शिवाय डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आशाताई दर आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात, त्यात पाण्याच्या टाकीबरोबर कुंडीची ताटलीही धरा. बाटलीत मनीप्लांट लावला असेल तर तेही पाणी आठवड्याला बदलायचं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आपण त्याच्या आधी ओतायचं.

पाणी पानांच्या मधोमध ओतू नका. स्नेक प्लांटची पानं जिथून फुटतात तिथं पाणी साचलं की तो गाभा सडतो. कोरफडीचंही तसंच.

एखादी कुंडी अगदीच वाळून गेली, माती कडेपासून सुटली, तर वरून पाणी घालून उपयोग नाही. ते कडेच्या फटीतून सरळ खाली येतं आणि आपल्याला वाटतं पोटभर झालं. अशा वेळी घमेल्यात चार बोटं पाणी घ्या, कुंडी त्यात अर्धा तास ठेवा, खालून ओल चढेल. मग काढून निथळत ठेवा. नर्सरीतून कोकोपीटमध्ये आलेल्या रोपाचं असं हमखास होतं, तो भुसा एकदा पूर्ण वाळला की पाणी लवकर धरत नाही.

आता मातीचं. आमच्या ३१ कुंड्या जायला वहीइतकीच मातीही कारण होती. आमचा तालुका काळ्या मातीचा. कापसाला सोनं, पण कुंडीत नुसती काळी माती म्हणजे फास. ओली झाली की फुगते, चिकट होते, हवा राहत नाही. वाळली की आकसते, भेगा पडतात, बारीक मुळं तुटतात. आम्ही शेतातलीच उचलून भरली होती, फुकट मिळते म्हणून. आता एक घमेलं माती, एक घमेलं जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि अर्धं घमेलं पूर्ण मुरलेलं शेणखत घेतो. खत मुरलेलंच हवं, ताज्या शेणानं मुळं जळतात. कोकणातल्या किंवा कोल्हापूरकडच्या तांबड्या मातीवाल्या बहिणींना वाळू थोडी कमी लागेल.

भोक नसलेल्या कुंडीत झाड लावूच नका, मग ती कितीही सुंदर असो. रंगाचा डबा, तेलाचा डबा चालतो, पण बुडाला तापवलेल्या सळईनं चार-पाच भोकं पाडा. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवायचा तो माती वाहून जाऊ नये म्हणून. काही जणी तळाशी चार बोटं खडी घालतात, पाणी चांगलं निथळेल म्हणून. आम्हीही घालायचो. त्यानं निथळत नाही. पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडकून राहतं, आणि मुळांना जागा मात्र कमी पडते. खडीऐवजी तेवढी वाळू मातीत मिसळा.

आता समोर पान लवलेली कुंडी आहे. तहान की बुडणं, कसं ओळखायचं? तहानलेलं पान पातळ होतं, त्यावर उभ्या सुरकुत्या पडतात, टोक करकरीत वाळतं, कुंडी हलकी लागते. बुडालेलं पान बुडाशी मऊ आणि पिवळं होतं, ओढलं की सुटतं, मातीला वास येतो, कुंडीभोवती चिलटं घोंगावतात, आणि कुंडी जड असते. दोन खुणा जुळल्याशिवाय पाण्याला हात लावू नका. चुकलंच तर कमी घालून चुका. तहानलेलं झाड दोन दिवसांत ताठ होतं, सडलेलं मूळ परत येत नाही.

सडायला नुकतीच सुरुवात असेल तर झाड वाचतं. कुंडी पालथी करून झाड काढा. मुळं धुवा. काळी, मऊ झालेली सगळी कापा, पांढरी-पिवळसर कडक असतील ती ठेवा. सावलीत कागदावर दोन दिवस तसंच वाळत ठेवा. जीव होतो कासावीस, पण ठेवा. मग कोरड्या नव्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका.

मुळं पूर्ण गेली पण पान वरून चांगलं असेल तर त्याचे चार-चार बोटांचे तुकडे करून, खालची बाजू खालीच ठेवून, वाळूत खोचता येतात. दोन-तीन महिन्यांत मुळं धरतात, पिल्लू यायला त्याहून वेळ लागतो. आम्ही त्या सडलेल्यांतून असे पंचवीस-तीस तुकडे लावले, फार खूश होतो. फुटले तर सगळे हिरवे! कडेची पिवळी पट्टी गायब. पानाच्या तुकड्यातून नवं रोप केलं की ती पट्टी उतरत नाही. पट्टीवालं झाड हवं असेल तर गड्डा विभागूनच करावं लागतं. गिऱ्हाईक पिवळ्या पट्टीचं मागतं, आमच्याकडे हिरवी फौज. ती शेवटी निम्म्या भावात गेली. विक्रीसाठी करणार असाल तर हे आधीच लक्षात ठेवा.

पाण्याबद्दल दोन शब्द. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर धरतो, तो क्षारांचा. वरची दोन बोटं माती काढून नवी घाला, आणि पावसाचं पाणी बादलीत धरून दोन-तीनदा तेच वापरा. शुद्ध पाण्याच्या मशीनमधून टाकाऊ निघतं ते घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कधीमधी चालतं, पण मीठ पडलेलं किंवा साबणाचं नको. टँकरवर जगणाऱ्या गावांत एक हंडा किती मोलाचा, ते आपल्याला कुणी सांगायला नको. आमच्या ओसरीत रोज एक घागर जात होती, झाडं मारायला.

आता पाऊस लागेल. कुंड्या वळचणीखाली ठेवल्या असतील तर आजच आत सरकवा, पन्हाळीचं पाणी थेट कुंडीत पडतं. ताटल्या काढून ठेवा. कुंडी दोन विटांवर ठेवली तर खालचं भोक मोकळं राहतं. दिवसांमागून दिवस ऊन पडलं नाही तर पाण्याचं नावच काढू नका, आठवड्यातून एकदा हीर घालून बघा, तेवढं पुरे. लहान पोरांच्या आणि शेळीच्या तोंडाला मात्र लागू देऊ नका. मनीप्लांट आणि झेडझेडचं पान चघळलं तर तोंड आगतं, सुजतं. स्नेक प्लांटही खाण्याचं नाही.

आमची वही अजून आहे. पाळी तशीच आहे. फक्त "पाणी घातले" या रकान्याऐवजी "माती पाहिली" असा रकाना केलाय, आणि पुढे ओली की कोरडी एवढंच लिहायचं. दंड काढून टाकला. त्या वर्षी दिवाळीला ६० पैकी २९ कुंड्या विकल्या, १२० रुपयांनी. त्यातून कर्जाचं मुद्दलही पूर्ण फिटलं नाही, हातात काही राहिलं नाही. पुढच्या वर्षी राहिलं.

मावशींच्या घरी आम्ही तिघी जणी गेलो, झालं ते कबूल केलं आणि त्यांना बैठकीला घेऊन आलो. त्यांचे ३० रुपये भर बैठकीत परत दिले. दंड परत करायचा रकाना आपल्या नोंदवहीत नसतो, म्हणून तो "इतर खर्च" मध्ये लिहिला. वार्षिक तपासणीच्या वेळी विचारलं गेलं, हा खर्च कसला? आम्ही सांगितलं, शिकवणीची फी. मावशी शेजारीच बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून हसत होत्या.